शनिवारचा सूतकताईचा तास

लग्न होऊन तेल्हाऱ्याला आले तेव्हा माझ्या ट्रंकेत तत्त्वज्ञानाची चार जाड पुस्तकं होती. माझे वडील अमरावतीला मास्तर. त्यांनी मला हट्टानं एम.ए. केलं, आणि एवढ्या शिकलेल्या मुलीला स्थळ मिळेना तेव्हा घाबरून पहिलंच बरं स्थळ पत्करलं. सासरी काळी जमीन होती, नवरा कापसाच्या जिनिंगमध्ये नोकरीला होता. माणसं वाईट नव्हती. सून घरात बसून काय करील म्हणून सासऱ्यांनीच, मी त्यांना मामाजी म्हणत असे, गावातल्या प्राथमिक शाळेत माझ्यासाठी शब्द टाकला. शाळा तीन गल्ल्यांवर. वाटेत मी कुठे थांबले, कोणाशी बोलले, ते माझ्याआधी घरी पोचलेलं असे.

माझ्याकडे तिसरीचा वर्ग होता. शनिवारी शेवटचा तास सूतकताईचा. पोरं टकळ्या घेऊन ओळीनं बसायची. पहिलं वर्ष मी त्या तासाला नुसती खिडकीबाहेर बघत काढलं. मग एकदा, जीव रमेना म्हणून, मी पोरांना विचारलं की स्वप्न बघताना ते स्वप्न आहे हे कशावरून ओळखायचं. एकजण सूत न तोडता म्हणाला, "बाई, सपनात जेवलं तं पोट भरत नाई." एम.ए.च्या वर्गात याच प्रश्नावर आम्ही महिनाभर घोळ घातला होता. त्या दिवशी मला फार दिवसांनी हसू आलं.

मग दर शनिवारी एक प्रश्न ठरला. हेडमास्तरांना वाटे, बाई गोष्टी सांगतात.

दुसऱ्या वर्षी अमरावतीच्या एका कॉलेजातून शाळेच्या पत्त्यावर मुलाखतीचं पत्र आलं. अर्ज मी माहेरी गेले असताना केला होता, घरी सांगितलं नव्हतं. पत्र मी पुस्तकात घालून ठेवलं आणि आठ दिवस कोणाला बोलले नाही. तोवर मला मुलगी झाली होती, वर्षाची होत आली होती.

त्या आठवड्यातल्या शनिवारी मी पोरांना खोलीचा प्रश्न घातला. एक माणूस खोलीत झोपला आहे. बाहेरून कोणीतरी कडी लावली. तो जागा झाला, पण त्याला तिथं छान वाटतंय, बाहेर जावंसंच वाटत नाही. कडी लागली आहे हे त्याला ठाऊक नाही. तर तो मोकळा की कोंडलेला?

पाटलाचा मुलगा म्हणाला, "मोकळाच. त्याले जायचंच नाई तं कडीनं काय होते?" बऱ्याच जणांना ते पटलं. दाराजवळ एक मुलगी बसत असे. तिच्या घरच्यांनी दोन-तीन वर्षांमागे बुद्धाचा धर्म घेतला होता. ती टकळी खाली ठेवून म्हणाली, "बाई, पन कडी लावली कोनं?"

मी म्हटलं, कोणीही असेल, त्याचा या प्रश्नाशी संबंध नाही. तत्त्वज्ञानाच्या पुस्तकात तसंच होतं. ती गप्प राहीना. "त्यालेच पयले इचारा ना, कावून लावली म्हनून." मग थोडं थांबून म्हणाली, "गावातल्या विहिरीले तं कडीबी नाई. तरी आमाले पानी भरू देत नाई."

टकळ्या थांबल्या. पाटलाचा मुलगा माझ्याकडे बघू लागला. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तिचं बरोबर आहे, एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी सूत गोळा करायला सांगितलं.

सोमवारी हेडमास्तरांनी बोलावलं. पाटलांकडून निरोप आला होता की बाई पोरांना विहिरीचं शिकवतात. मी पुस्तकाबाहेरचं शिकवणार नाही, असं त्यांनी माझ्याकडून कागदावर लिहून घेतलं. मी सही केली. संध्याकाळी मामाजींनाही सगळं कळलं होतं. ते रागावले नाहीत. शाळेत जेवढ्याला तेवढं करावं, एवढंच बोलले. त्या शांतपणाचाच मला राग आला आणि मी पत्र आणून पुढं ठेवलं.

त्यांनी ते दोनदा वाचलं, नवऱ्याकडे दिलं. नवऱ्यानं घडी घालून परत दिलं.

"जा ना मंग," मामाजी म्हणाले. "कोन अडवून राह्यलं तुले?"

खरंच कोणी अडवलं नाही. सासूबाई म्हणाल्या, पोरीला मी बघीन. नवरा म्हणाला, अकोल्यापर्यंत मोटारीनं सोडायला येतो. फक्त मुलाखत झाली आणि नोकरी मिळाली तर पुढं काय, मी कुठं राहायचं, पोर कुठं राहायची, हे कोणी विचारलं नाही. मी पण विचारलं नाही. रोज सगळे माझ्याशी जरा जास्तच गोड बोलत होते.

निघायच्या दिवशी सकाळी मुलीचं अंग कोमट लागलं. सासूबाईंनी हात लावून पाहिला आणि तिला माझ्या मांडीवर दिलं. ताप असा नव्हताच, कणकण होती. तेवढ्यावर बायका पोर पाठीशी बांधून कापूस वेचायला जातात. मला ते माहीत होतं. नवरा पिशवी घेऊन दारात उभा होता. मी म्हटलं, राहू द्या. त्यानं पिशवी लगेच खाली ठेवली. इतकी लगेच, की मला ते आजवर विसरता आलं नाही.

पुढच्या शनिवारपासून हेडमास्तर सूतकताईच्या तासाला माझ्या वर्गात खुर्ची टाकून बसू लागले. सूत वाढलं. दाराजवळची मुलगी आता दर शनिवारी सगळ्यांत जास्त सूत काढायची आणि मान वर करत नसे. पहिले दोन-तीन शनिवार बाकीची पोरं तास सुरू झाला की माझ्या तोंडाकडे बघायची, बाई काही विचारतील म्हणून. मी टकळीवर नजर ठेवून बसायचे. नंतर त्यांनी बघायचं सोडून दिलं.