सीलबंद बर्फी

आज ऑफिसमधून आल्यापासून स्वतःचीच लाज वाटतेय, म्हणून इथे लिहितेय.

आमच्या टीममधला नीलेश मूळचा अकोल्याचा. दुपारी आम्ही सगळे डबे मध्ये ठेवून जेवतो आणि त्याच्या ठेच्यावर सगळ्यात आधी माझाच हात पडायचा. मध्यंतरी रक्तदान केल्यावर त्याला हेपॅटायटिस बी असल्याचं कळलं. ते त्याने स्वतःहून आम्हाला सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून मला नेमके जेवायच्या वेळी कॉल येऊ लागले. मग बाकीच्यांनाही. तो एकटाच जेवू लागला.

तरी मनात भीती होतीच. आज सकाळी गुपचूप तपासणी करून घ्यायला डॉक्टरांकडे गेले. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. "अहो, हा रक्तातून पसरतो, असुरक्षित संबंधांतून, आईकडून बाळाला. एकत्र जेवून नाही. लस घेतलीय का आपण?"

नव्हती घेतली. ठेचा सोडला, पण लस घ्यायचं काही सुचलं नाही.

ऑफिसला पोचले तर नीलेश बर्फी वाटत होता. मुलगी झालीय त्याला. प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात. माझ्यापुढे खोका धरून म्हणाला, "मॅडम, दुकानातूनच पॅक करून आणलीय. मी हात लावलेला नाही."

मी पाकीट फोडून अर्धी बर्फी त्याच्यापुढे धरली. "राहू द्या," म्हणाला आणि पुढच्या टेबलाकडे गेला.

उद्या त्याच्यासमोर माझा डबा उघडणार आहे. त्याने स्वतःचा झाकून घेतला तर काय बोलायचं, सांगाल का कोणी?