हॉर्नची जागा

आमच्या ह्यांना विलायती, उघड्या मोटारींचं भारी वेड. बहात्तरच्या सुमारास नगरच्या कॅम्पातल्या एका लष्करी साहेबाची बदली झाली, तेव्हा ह्यांनी आपली जुनी विकून त्याची घेतली. कंपनी तीच, फक्त काही वर्षांनंतरचं मॉडेल.

मी आत बसून डॅशबोर्ड न्याहाळू लागले. जुन्या गाडीत तो पत्रा गाडीच्याच रंगाचा होता, हा काळा आणि खरबरीत. का बदलला असेल? मीटरच्या तबकड्या साधारण तशाच होत्या. मग मधोमध हात फिरवला आणि थबकले.

जुन्या गाडीत हॉर्नचं बटण तिथं होतं, आम्हा दोघांच्या मध्ये. राहुरीच्या रस्त्याला उसाच्या बैलगाड्या आडव्या आल्या, की ह्यांच्या आधी मीच ते दाबायची. गाडीवान वळून बघायचे तेही माझ्याकडेच.

"अहो, हॉर्न कुठंय?"

"हा काय, स्टिअरिंगवर. जो चालवतो त्याच्या हाताशी. हेच बरोबर नाही का?"

माझ्यासमोर नुसता कोरा पत्रा. मी उतरले, गाडीला वळसा घालून त्यांच्या दाराशी गेले.

"बरोबर आहे. आता उठा, तिकडं बसा. आणि क्लच कुठला ते सांगा."