पायाळू बाळ आणि सासूबाईंचा शेक

छीचुनच्या शिया गुईझननं तीस वर्षं कारखान्यात शेकासाठी पेटवायच्या आयत्साओच्या कांड्या वळल्या. दवण्याच्याच कुळातला हा पाला. ज्येष्ठात कापायचा, तीन वर्षं मुरवायचा, कुटून कापसासारखा मऊ करायचा आणि कागदात घट्ट वळायचा. त्यानं तिची बोटं कायमची पिवळी पडली होती. पण शेक द्या म्हणून कुणी आलं, की ती त्याला वैद्यांकडे धाडायची. "मी वळणारी, देणारी नव्हे," म्हणायची.

सून वेन्यान शहरात वाढलेली. धुराच्या वासानं तिचं डोकं उठायचं. दोघींचं भांडण नव्हतं, पण बोलणंही जेवणापुरतंच. आठव्या महिन्यात डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, बाळ पायाळू आहे. दोन आठवडे वाट पाहू, नाहीतर ऑपरेशन.

दुसऱ्याच दिवशी वैद्यांकडून पायाच्या करंगळीला शेक देऊन बाळ फिरवायची रीत नीट समजून घेऊन गुईझन सुनेपुढे पाट टाकून बसली.

"कमरेचं सैल कर, आणि पाय इकडे दे."

"आई, तुम्ही माझ्या पायाशी? लोक काय म्हणतील?"

"लोकांना कुठं बोलावलंय मी?"

पायाच्या करंगळीच्या नखाच्या बाहेरच्या कोपऱ्यापासून दोन बोटं अंतरावर तिनं पेटती कांडी धरली. पंधरा मिनिटं एका पायाला, पंधरा दुसऱ्याला. रोज.

चौथ्या दिवशी वेन्यान म्हणाली, "हात थरथरतायत तुमचे. चटका बसेल मला."

"तुझा नवरा पायाळूच," गुईझन मान खाली घालून म्हणाली. "घरीच झाला. दोन दिवस अडला होता. वाटलं, दोघंही जातो आता."

 वेन्याननं दुसरा पाय आपणहून पुढे केला.

नवव्या दिवशी तिच्या पोटात मोठी उलथापालथ झाली. दवाखान्यात तपासलं तर बाळाचं डोकं खाली आलेलं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "या दिवसांत कधीकधी बाळं आपली आपण फिरतात."

"फिरेना का आपलं आपण," गुईझन म्हणाली. "फिरलं ना?"

 बाहेर आल्यावर मात्र पायरीवर बसून तिनं मुलाला फोन लावला आणि नुसती रडतच राहिली. शेवटी वेन्याननं फोन घेतला. "अरे, घाबरू नकोस. बाळ फिरलं. आई रडतायत, पण सगळं ठीक आहे."

महिनाभरानं भर दुपारी वेन्यान सुखरूप बाळंत झाली, मुलगी झाली. गुईझन बाहेरच्या बाकावर गाढ झोपली होती. नर्सला तिला हलवून उठवावं लागलं.