न उसवलेली गादी

लोणावळ्यात गादीवाल्याला पावसाळाच बुडवतो आणि पावसाळाच तारतो. चार महिने दुकानात माशी फिरकत नाही. मग ऑक्टोबर उजाडतो, आणि तुंगार्लीपासून कुरवंड्यापर्यंतच्या बंगल्यांतल्या गाद्या ओल खाऊन इतक्या जड झालेल्या असतात की दोघांना उचलवत नाहीत. तेव्हा सगळ्यांना बदरूमावशीची आठवण होते.

बदरूमावशी म्हणजे बदरुन्निसा, ताजुद्दीन गादीवाल्याची बायको. तो गेला तेव्हा दुकान आता बंद होणार, असं बाजारपेठेनं परस्पर ठरवून टाकलं होतं. तिला विचारायची तसदी कुणी घेतली नाही. इद्दतीचे, म्हणजे नवरा गेल्यावर बाईनं पाळायचे, चार महिने दहा दिवस तिनं घरात काढले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाच्या फळ्या काढल्या. जाड सुई, दोरा, कापूस झोडायची काठी, सगळं जागच्या जागी होतं. माणूस तेवढा नव्हता.

तिची जीभ मात्र नवऱ्यापेक्षा तिखट. मोठमोठ्या बंगल्यांच्या मालकिणींनाही ती सोडत नसे. "दोन वर्सांनी गादी उसवायचीच, बाई. कापूस उन्हात टाकायचा, पिंजायचा, परत भरायचा. न्हाई उसवली तर आत गोळे व्हत्यात. मग ती गादी न्हाई, बटाट्याची गोणी!" मालकिणी हसायच्या आणि निमूट गाद्या खाली आणून टाकायच्या.

अशा या बाईच्या हातात यंदा दिवाळी झाल्यावर पोस्टमननं एक पाकीट दिलं. वर नाव ताजुद्दीनचं. मेलेल्या माणसाला चार वर्षांनी कोण पत्र लिहितं, म्हणून तिनं पाकीट तसंच ठेवलं, आणि मुलगा आवेज संध्याकाळी नवलाख उंबऱ्याच्या कारखान्यातून आला तेव्हा त्याच्यापुढं सरकवलं.

पत्र मुंबईच्या कुठल्याशा वसुली कंपनीचं होतं. ताजुद्दीननं एका फायनान्सचं कर्ज घेतलं होतं, ते बुडवलं, ते येणं आता या कंपनीनं विकत घेतलंय, आणि सात दिवसांत अडतीस हजार सहाशे चाळीस रुपये भरले नाहीत तर कायदेशीर कारवाई होईल, असा मजकूर. आवेजनं तो दोनदा वाचला आणि पत्र टराटरा फाडायला निघाला.

"भामटे आहेत, अम्मी. मेलेल्यांची नावं शोधून पैसे उकळतात. अब्बांनी कधी कर्ज घेतलंय का?"

"आण हिकडं," ती म्हणाली आणि पत्र त्याच्या हातातून काढून घेतलं. 

तिच्या डोळ्यांपुढं जनाज्याचा दिवस उभा राहिला. तेव्हा आवेज एकोणीस वर्षांचा होता. नमाजेच्या आधी तो सगळ्यांसमोर उभा राहिला आणि रिवाजाप्रमाणं म्हणाला, "माझ्या अब्बांकडं कुणाचं काही देणं राहिलं असेल तर मला सांगा, मी देईन." चहावाल्यानं चाळीस रुपये सांगितले आणि लगेच माफ केले. कामशेतच्या दोऱ्याच्या दुकानदाराचे तीनशे आवेजनं तिथंच दिले. बाकी कुणी पुढं आलं नाही. देणं घेऊन माणसानं मातीत जाऊ नये, ते त्याच्या मानगुटीवर बसतं, हे बदरुन्निसा लहानपणापासून ऐकत आली होती. ताजुद्दीन मोकळा गेला, एवढ्या एका गोष्टीवर तिनं चार वर्षं काढली होती.

सकाळी तिनं पोस्टाचं पासबुक पिशवीत टाकलं. त्यात एक्केचाळीस हजार होते. कापूस पिंजायला दर वेळी टेम्पोनं कामशेतला न्यावा लागे, त्यात निम्मी कमाई जाई. स्वतःचं जुनं का होईना पण पिंजणयंत्र घ्यायचं म्हणून साठवलेले.

जिन्यातच शेजारची तेजल भेटली. ही आवेजच्याच कारखान्यात, ऑफिसात हिशेबाला. लहानपणी बदरूमावशीच्या कापसात लोळून मोठी झालेली, आणि पत्राचं आवेजकडून रात्रीच ऐकलेलं, त्यामुळं मावशी पिशवी घेऊन कुठं निघाली हे तिला न विचारता कळलं.

"मावशी, एक रुपया भरायचा नाही."

"आगं पण देणं आसलं तर?"

"असलं तर भरू. पण आधी त्यांनी कागद दाखवायला हवा. काकांची सही, किती हप्ते आले, किती राहिले, सगळं. नुसतं पत्र पाठवलं म्हणून कुणी पैसे देतं का? उद्या मी तुम्हाला पत्र पाठवीन."

बदरुन्निसा पायरीवर बसली. तेजलला वाटलं, मावशी पटवून घेतेय. खरं तर तिला दुसरंच काही खात होतं, आणि ते ती कुणाला सांगणार नव्हती.

ताजुद्दीनचे कागद कुठं असतील, हे तिला पत्र आल्याच्या क्षणीच कळलं होतं. लोणावळ्याच्या हवेत पेटीतल्या कागदाला बुरशी धरते. म्हणून तो आपले महत्त्वाचे कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून स्वतःच्या गादीत ठेवायचा. "रोज निजतो त्या गादीला ओल धरत न्हाई," म्हणायचा. दर ऑक्टोबरात तो स्वतःच ती गादी उसवायचा, कागद बघायचा, कापूस पिंजून आणायचा, आणि कोपऱ्यात वजनाची चिठ्ठी घालून परत शिवायचा. तशी चिठ्ठी तो गिऱ्हाइकाच्याही प्रत्येक गादीत घालायचा.

ती गादी चार वर्षं उसवलेली नव्हती. साऱ्या गावाला शिकवणाऱ्या बाईच्या स्वतःच्या घरात! ताजुद्दीन डाव्या कुशीवर निजायचा. त्याच्या खांद्याचा आणि कमरेचा खळगा त्या गादीत अजून होता. बदरुन्निसा तिच्यावर झोपत नसे, शेजारी चटई टाकायची आणि कधीमधी त्या खळग्यावर हात ठेवायची. गादी उसवून कापूस झोडला की तो खळगा गेला. त्यापेक्षा अडतीस हजार गेलेले परवडले, असं तिला मनापासून वाटत होतं. पोस्टाकडं निघण्याची घाई होती ती त्यासाठी.

पण तेजल हटली नाही. रविवारी तिनं कागद-पेन घेतलं आणि म्हणाली, "सांगा मावशी, काय लिहू?"

बदरुन्निसानं सांगितलं ते असं: "माझे पती वारले आहेत. दफनाआधी आम्ही सगळ्यांना विचारलं होतं, तेव्हा तुमचं कुणी आलं नाही. आता आला आहात तर त्यांच्या सहीचा कागद आणि हप्त्यांचा हिशेब पाठवा. देणं निघालं तर बघू. नाही निघालं तर तसं लेखी द्या. फोन करू नका." तेजलनं त्यातलं एक अक्षर बदललं नाही. पत्र स्पीड पोस्टानं गेलं आणि त्याची पावती पासबुकात राहिली.

अठरा दिवसांनी उत्तर आलं. या वेळी जाड पाकीट. आवेजनं पहिला कागद उलटला आणि अम्मीपुढं धरला. सही ताजुद्दीनची होती. शेवटच्या अक्षराची शेपटी पार मागं ओढून खाली दोन टिंबं, अशी सही दुसरं कोण करणार? कर्ज होतं मोटारवाल्या शिलाई मशीनचं, चोवीस हप्त्यांचं, आणि त्यातले शेवटचे सात आलेच नाहीत, असं हिशेब सांगत होता. चौदाशेचे सात हप्ते. बाकीचं सगळं दंड आणि व्याज.

बदरुन्निसानं खिडकीजवळच्या मशीनकडं बघितलं. याच मशीनवर तिनं चार वर्षं खोळी शिवून घर चालवलं होतं. "खोटारडा!" ती म्हणाली. "मला म्हनला, बंगल्याचं पैसं आलं, रोख घेतली." तिला त्याचा राग आला आणि त्याच दमात इतकी माया आली की डोळे भरून आले. तिचे गुडघे पायमशीननं दुखतात म्हणून या माणसानं गुपचूप दोन वर्षं हप्ते भरले होते.

साताशिवाय. की सातासकट?

ती उठली. "आवेज, आब्बांची गादी वर गच्चीत घे."

"अम्मी, राहू दे. आपण भरून टाकू पैसे."

म्हणजे खळगा त्यालाही माहीत होता. तिला हे आजवर कळलं नव्हतं. "भरायचं का न्हाई, ते तुज्या आब्बांनाच इचारू," ती म्हणाली.

गच्चीत ऊन स्वच्छ पडलं होतं. तिनं एकवार खळग्यावरून हात फिरवला, बिस्मिल्ला म्हटलं आणि पहिला टाका कापला. कापूस खरंच गोळे धरून बसला होता, तिनंच शंभरदा सांगितल्यासारखा. चौथ्या मुठीला प्लॅस्टिक लागलं. आत रेशनकार्डाची नक्कल, आवेजची दहावीची गुणपत्रिका, आणि सुतळीनं बांधलेल्या पावत्या. आवेजनं मोजल्या. चोवीस. शेवटच्या सातांवर वसुलीच्या माणसाची सही, रोख मिळाल्याची. तारखा लॉकडाऊनमधल्या. तो दर महिन्याला दुकानावर येऊन पैसे घेऊन गेला होता आणि पुढं ते कुठं जिरले, ते त्याचं त्यालाच ठाऊक.

कोपऱ्यात नेहमीची चिठ्ठी होती. ताजुद्दीनच्या वाकड्या अक्षरात लिहिलेलं: "कापूस ११ किलो. मशीन फिटली. कुणाचं देणं नाही. बदरूला सांगायचं आहे."

तारीख होती तो जाण्याच्या अडीच महिने आधीची. बदरुन्निसा त्या कापसात बसून खूप रडली, आणि आवेजनं तिला रडू दिलं. मग तिनं काठी उचलली आणि चार वर्षांचे गोळे असे झोडले की शेजारच्या गच्चीतून लोक बघायला लागले.

पावत्यांच्या नकला गेल्या. कंपनीनं महिनाभर लावला, मधे एकदा फोनही केला. "लिहून पाठवा," एवढंच बोलून तिनं ठेवला. शेवटी एका पानाचं पत्र आलं: खाते बंद, काहीही येणे बाकी नाही. शुक्रवारी नमाजेनंतर आवेजनं ते मशिदीच्या दारात चहावाल्यापासून दोऱ्याच्या दुकानदारापर्यंत सगळ्यांना वाचून दाखवलं. कुणी मागितलं नव्हतं, तरी.

पोस्टातल्या पैशांतून जुनं पिंजणयंत्र आलं. त्यात पहिला कापूस पडला तो ताजुद्दीनच्या गादीचा. तो असा फुलला की जुनी खोळ पुरेना. बदरुन्निसानं त्याच मशीनवर नवी शिवली, कागद प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून आत ठेवले, कंपनीचं पत्र सगळ्यांत वर. त्या दिवसापासून तिनं चटई गुंडाळून ठेवली आणि गादीवर निजू लागली.

शेवटचा टाका घालायच्या आधी तिनं कोपऱ्यात आपली चिठ्ठी सरकवली होती: "कापूस साडेदहा किलो. बदरूला कळलं."