भाचीच्या पोह्यांवर घेतलेली मुलाखत

चहा घ्या आधी, मग सांगतो. एरवी माझ्या फजितीची गोष्ट माझ्याच तोंडून निघणं अवघड. अहो, भल्याभल्या पुढाऱ्यांना घाम फोडणारा माणूस मी! पण त्या दिवशी माझा सदरा पिळला असता, तर उसाची एखादी सरी भिजली असती.

नव्वदीचं दशक सरत आलं होतं. मी पुण्याच्या एका दैनिकाचा बारामतीचा वार्ताहर. इंदापूरला बहिणीच्या घरी माझ्या भाचीला, वैशालीला, बघायला पाहुणे यायचे होते. स्थळ जवळच्याच कळस गावचं. मुलगा संतोष इंजिनियर, बंगळूरला एका अमेरिकन चिप कंपनीत. बहिणीनं मला बजावलं, "दादा, तू मामा हाईस. चार प्रश्न तूच विचार. आमच्या ह्यांना बोलायला जमत न्हाय."

पत्रकाराला प्रश्न विचारायला सांगणं म्हणजे हिरव्या फडात बैल मोकळा सोडणं!

पोहे आले. मी संतोषला विचारलं, "कंपनी नेमकं करते काय?"

"कॉम्प्युटरमधल्या चिप बनवते, मामा. आता नेटवर्कची यंत्रंही बनवणार आहे. म्हणजे ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडणारी खोकी."

झालं! माझे कान टवकारले. "थांबा. ती खोकी आज कोण बनवतं?"

"दुसऱ्या मोठ्या कंपन्या."

"आणि त्यांना चिप कोण विकतं?"

"आम्हीच."

"अहो, मग हा आत्मघात आहे! उद्या साखर कारखान्यानं पेढ्यांचं दुकान काढलं, तर हलवाई त्याची साखर घेतील का?"

मुलाच्या वडिलांचा, आबांचा, घास हातातच राहिला. "व्हय रं संतोष, घेतील का?"

पोरगाही चिवट निघाला. "मामा, ते हलवाई बड्या गिऱ्हाइकांसाठीच पेढे करतात. आम्ही छोट्या ऑफिसांना परवडतील असे करणार. बँक, कॉलेज, कारखाना, उद्या सगळ्यांनाच लागणार! बाजार इतका वाढेल की हलवायांनासुद्धा आमची साखर कमी पडेल."

"आणि रागावून त्यांनी दुसरीकडून घेतली तर?"

"आमच्याइतकी चांगली आणायची कुठून?"

मी ताडकन उठलो. तोही उठला. आबा मुलाच्या बाजूनं, मेहुणे माझ्या बाजूनं, शेजारीपाजारी खिडकीत. एवढी रंगलेली सभा मी निवडणुकीतही पाहिली नव्हती! वैशाली चहाचा ट्रे घेऊन दारात ताटकळत उभी. तिला कुणी साधं नावसुद्धा विचारलं नाही. शेवटी तीच म्हणाली, "मामा, तुमचं लग्न ठरत असेल तर मी चहा ठेवून जाऊ का?"

संतोष खदखदून हसला. पोरांचं तिथंच जमलं म्हणे. मला कुठं पत्ता? मी डोक्यात मथळा जुळवत होतो!

संध्याकाळी बारामती गाठली आणि फॅक्स ठोकला. सकाळी जिल्हा आवृत्तीत ठळक बातमी: 'चिपवाले उतरणार नेटवर्कच्या बाजारात! कळसच्या सुपुत्राचा गौप्यस्फोट.' खाली संतोषचं नाव, गाव, सगळं. मी आरशासमोर उभं राहून मोठ्यानं वाचली.

तेवढ्यात बहिणीचा फोन. "दादा, काय केलंस हे! कंपनीच्या आतलं पेपरात देत्यात व्हय? आमचे हे म्हणत्यात, आता त्याला काढून टाकत्यात. जावई व्हायच्या आधीच त्याची नोकरी खाल्लीस!"

वैशालीचं लग्न मीच मोडलं की! स्कूटर काढली आणि दिसेल त्या पेपरवाल्याकडचे अंक उचलत सुटलो. बारामती, कळस, शेवटी इंदापूरचं बसस्टँड.

तिथला पेपरवाला म्हणाला, "साहेब, सगळं? काय छापलंय एवढं?"

"काही नाही!"

"मग सगळं कशाला?"

मी पैसे त्याच्या हातात कोंबले. गठ्ठे स्कूटरला बांधले आणि एका दोस्ताच्या गुऱ्हाळावर, रस उकळणाऱ्या काहिलीखालच्या जाळात लोटले. बंगळूरच्या साहेबाला मराठी वाचता येतं का, असा साधा प्रश्नही या प्रश्न विचारणाऱ्या माणसाला पडला नाही!

काजळलेल्या तोंडानं बहिणीकडे पोचतो, तर दारात संतोष आणि आबा. मी हातच जोडले. "संतोष, चुकलं. तुझी नोकरी..."

"नोकरीला काय झालं? मामा, कंपनीनं स्वतःच गेल्या आठवड्यात जाहीर केलंय. इंग्रजी पेपरांत आलं होतं. तुम्ही वाचलं नाही?"

एवढा मुरलेला वार्ताहर मी, आणि माझा गौप्यस्फोट आठवडाभर शिळा!

आबा मात्र लाल झाले होते. "त्ये ऱ्हाऊ द्या. माझ्या पोराचं नाव पेपरात आलं, आन अख्ख्या कळसमधी दावायला एक अंक न्हाय! कोण भाड्या सगळं उचलून घिऊन गेला?"

मी सगळी कबुली दिली. आबांनी माझ्या तोंडावरची काजळी बोटानं पुसून बघितली. मग म्हणाले, "सोयरीक पक्की. पर लग्नाची बातमी दुसऱ्या कुनाकडनं लिवून घिऊ."

दुसऱ्या दिवशी संपादकांचा फोन. आवाजात आनंद मावत नव्हता. "अहो, कमाल केलीत! बारामतीपासून इंदापूरपर्यंत आपला एक अंक शिल्लक नाही! इतक्या वर्षांत पहिल्यांदा लोकांनी तुमची बातमी अशी झडप घालून विकत घेतली!"

ते सगळे लोक म्हणजे मी एकटाच, हे त्यांना कुठल्या तोंडानं सांगणार?