मंजुळाच्या घरची लाइन

दुपारची जेवणं झाली की मानवतच्या टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बोर्डावरचे दिवे एकेक करून विझायचे. सत्यशीला कानांवर हेडफोन ठेवून नुसती बसायची. तारेतून बारीक गुणगुण यायची आणि तिचं मन त्या गुणगुणीच्या मागोमाग निघायचं. खांबांवरून, कपाशीच्या रानांवरून, कुठल्या तरी घरापर्यंत. जिथं तिनं कधी पाऊल टाकलं नव्हतं तिथली ओसरी, वाळत घातलेली लुगडी, फोनशेजारची खिडकी तिला लख्ख दिसायची.

तिचं स्वतःचं घर पूर्णेच्या बाजूला एका खेड्यात होतं. नामांतराच्या दंगलीत ते जळलं, तेव्हा ती चौथीत होती. बाप, सटवाजी, लांब धरणाच्या कामावर होता. आई मालनबाई तिला घेऊन मानवतला भावाकडे आली, पण तसा निरोप बापाला कुणी द्यायचा? त्यानं बायको-लेकीला धुंडाळत गावंच्या गावं पालथी घातली आणि पार वाळून मानवतला पोचला. पुढं सत्यशीला शिकली, ऑपरेटर झाली. दुपारच्या गुंगीत कधीकधी तिला वाटायचं, एखादा नंबर लावला की त्या जुन्या घरात घंटी वाजेल. तिथं फोन कधी नव्हताच, हे ठाऊक असूनही.

एका हिवाळ्यात सूतगिरणीतून परभणीच्या एका नंबराची मागणी यायला लागली. लाइन जोडून सत्यशीलानं कान दिला. पलीकडे ‘हॅलो’ नाहीच. आधी लांबलचक शिट्टी, मग सुपातून ज्वारीचे दाणे घरंगळावेत तसा आवाज.

“गिरणी, लाइन खराब हाय,” म्हणून तिनं कॉल तोडला. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. मग एक सडपातळ माणूस सायकल दामटत एक्स्चेंजवर आला. तो गिरणीतला इंजिनियर, रंगनाथ.

“ताई, लाइन चांगली हाय. ते माझं घर बोलायलंय.”

“घर?”

“घरचा कॉम्प्युटर. पुण्याहून जुना आणलाय. माझ्या लेकीला ऐकू येत न्हाई, फोन तिला काय कामाचा? कामामुळं मी आठवडाभर इथंच असतो. गिरणीच्या कॉम्प्युटरवर मी लिहितो, ते तारेतून घरच्या पडद्यावर उमटतं. ती तिकडून लिहिती. पण तुमी मधी बोललात की अक्षरांचा पार चुराडा होतो.”

“काय नाव लेकीचं?”

“मंजुळा,” तो हसला. “बारशाच्या वक्ताला आमाला कुठं ठाऊक होतं?”

तेव्हापासून लाइन जोडली की सत्यशीला स्वतःची बोलण्याची कळ बंद करायची. दाणे घरंगळायचे, थांबायचे, पुन्हा घरंगळायचे. शब्द कळायचा नाही, पण कोण घाईत आहे, कोण विचारात पडलंय, एवढं तिला उमगायला लागलं. निदान तसं वाटायचं. मंजुळाचं घर तिनं मनात बांधूनही टाकलं: अंगणात पारिजात, पांढरी ओसरी, जिन्यावर मांजर.

विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळाल्याची बातमी आली तेव्हा जानेवारी होता. मालनबाईनं तोंड गोड केलं, मग सवयीनं दाराची कडी तपासली. त्या दिवशी दंगलीच्या धास्तीनं एसटी बंद, बोर्डावर दिवेच दिवे. रंगनाथचा आवाज आला, “ताई, आज मी घरी जायचा होतो. मंजुळा दारात उभी असंल.”

लाइन मोकळी झाल्याबरोबर तिनं त्याचा नंबर लावला. तेवढ्यात आडत दुकानाचे किशनराव दुसऱ्या दिव्यावर खेकसले, “माझा कॉल कुठाय? गिरणीच्या लाइनवर नुसती शिट्टी वाजायली म्हणं! शिट्टीपायी लाइन अडवता?”

“शिट्टी न्हाई, मालक. पोरगी बापाशी बोलायली. त्यांचा नंबर तुमच्या आधीचा हाय.”

किशनरावांनी फोन ठेवला. सत्यशीलाच्या डोळ्यांपुढं धुळीच्या वाटेवरून चालणारा सटवाजी आला. दाणे घरंगळत राहिले. तिनं दोन्ही हातांनी हेडफोन कानांशी दाबून धरला.

गाड्या सुरू झाल्यावर रंगनाथ पुन्हा आला. “त्या दिवशी तिनं विचारलं, मधी लाइन कोण धरतं? तुमाला घरी बोलावलंय.”

रविवारी सत्यशीला परभणीला गेली. पारिजात नव्हता, ओसरी नव्हती. पिठाच्या गिरणीच्या माडीवर दोन खोल्या. गिरणी चालू झाली की फरशी थरथरायची, आणि वीज आली हे मंजुळाला तळपायांनी कळायचं. परकर-पोलक्यातल्या त्या पोरीनं पाहुणीला निरखलं, कॉम्प्युटरशी बसून इंग्रजी अक्षरांत ‘बोल’ लिहिलं आणि उठून तिच्या गळ्यावर तळहात ठेवला.

सत्यशीलाच्या तोंडून निघालं, “हॅलो, मानवत.”

हाताखाली थरथर जाणवली तशी मंजुळा खळखळून हसली. तिनं बोटानं खूण केली, अजून. मग सत्यशीला बोलत सुटली, जे आठवेल ते. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या पोरीच्या आईनं पदर डोळ्यांना लावला.

पुढं मानवतला आपोआप नंबर लागणारं एक्स्चेंज आलं, जुना बोर्ड उतरवला. सत्यशीलाची बदली परभणीच्या हापिसात झाली. तिनं त्याच गल्लीत खोली घेतली, आईवडलांना आणलं. संध्याकाळी मंजुळा येऊन मालनबाईजवळ बसते. दोघींच्या हातवाऱ्यांचं काय चाललेलं असतं ते सत्यशीलाला कळत नाही, पण दोघींचं हसणं बाहेर गल्लीपर्यंत ऐकू येतं.