पालथं जनावर

ती पहिल्यांदा नजरेत भरली ती संग्रहालयाच्या जिन्यात. दोन्ही हातांनी कठडा धरून एकेक पायरी उतरत होती, आणि मागून यारीवाला, म्हणजे जड शिळा उचलायचं यंत्र चालवणारा, म्हणत होता, "बाई, सावकाश. जिना कुठे पळून जात नाही." तिथे तिला सगळे ससाबाई म्हणत. तिलाही ते ठाऊक होतं.

जीवाश्म तपासणाऱ्या अशा या बाईनेच एक भलती मागणी केली होती. तळघरातल्या एका शिळेत समुद्रात पोहणारं, सरड्याच्या दूरच्या गोतातलं एक जनावर कोट्यवधी वर्षं पालथं पडलं होतं. दिसायची ती नुसती पाठ. तेवढ्यावरून जुन्या तज्ज्ञांनी त्याला एका ओळखीच्या जातीत ढकलून दिलं होतं. जबड्याची कडा पाहून हिला मात्र शंका आली. ओळखीच्या जातीच्या टाळूला दोन भोकं असतात; ती नसली तर जात नवी. पण टाळू खालच्या अंगाला. म्हणजे अख्खी शिळा उलटायची, तीही भेगाळलेली. फुटली तर जनावर गेलं, आणि त्याची खरी ओळखही. शब्द हिचा, म्हणजे पापही हिचंच.

शिळा उलटायच्या आदल्या दिवशी जेवताना तिने ताट बाजूला सारलं. थोरली बहीण म्हणाली, "एवढी घाबरतेस तर नाही म्हणून मोकळी हो. जुनं नाव काय वाईट आहे?"

"ताई, ते त्याचं नाव नाहीये."



सकाळी शिळेच्या वरच्या अंगावर, उलटताना ती फुटू नये म्हणून, प्लास्टरचं जाड कवच तयार होतं. यारीच्या साखळ्या ताणल्या गेल्या. संग्रहालयाचे प्रमुख घड्याळ बघत उभे होते.  हातांना काहीतरी काम हवं म्हणून, माठ घेताना वाजवून बघतात तशी ती कवचावर टिचक्या मारत फिरली. मानेपाशी आवाज पोकळ आला.

"थांबवा," ती म्हणाली.

"बाई, तुमच्या भीतीपायी सगळ्यांनी खोळंबायचं का?" प्रमुखांनी विचारलं.

"हो." ती बाजूला झाली नाही.

यारीवाल्याने कुणाला न विचारता साखळी सैल सोडली. कवच कापलं तर मानेवर प्लास्टर टेकलेलंच नव्हतं. शिळा उलटताच मान निखळली असती. पोकळी भरली, कवच पुन्हा सुकवलं, मगच शिळा उलटली. तेव्हाही ती डोळे गच्च मिटून उभी होती.

"उघडा आता," यारीवाला हळूच म्हणाला.

टाळू अखंड होता. भोक एकही नव्हतं.

जनावर आता वरच्या दालनात नव्या नावाने उताणं पडलेलं असतं. ती तळघरातच काम करते. कुठलीही शिळा हलवायची असली की यारीवाला आधी तिला टिचक्या मारायला बोलावतो.